बर्फाच्या प्रदेशातील दुभती शेळी

शेळी हे उष्ण व कोरड्या मुलखातील जनावर होय, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती निराधार नाही. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी माळरानावरील काट्याकुट्यांवर दिवस काढते आणि पाऊस आला की आडोसा शोधत पळते. परंतु ज्या देशात वर्षातील सात-आठ महिने जनावर गोठ्याबाहेर काढता येत नाही, तेथेही शेळी दुधासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात आहे. युरोपच्या उत्तर टोकास असलेला नॉर्वे हा असा एक देश होय. तेथील लहान शेतकऱ्याने थंडीशी कसा मेळ घातला आणि थंडीपेक्षाही कठीण अशा एका संकटातून कळप कसा बाहेर काढला, हे आपल्या शेतकरी बंधूंनी व ग्रामसेवकांनी समजून घेण्यासारखे आहे.

नॉर्वे सुमारे ५८ ते ७१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरला आहे. देशातील एकूण जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीखाली आहे. उरलेला भाग डोंगर, जंगल, खडक व पाणी यांनी व्यापला आहे. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्या लांबच लांब चिंचोळ्या खाड्या डोंगरांत शिरल्या आहेत. त्यांना तेथे फ्योर्ड म्हणतात. सोग्ने फ्योर्ड ही त्यांतील सर्वांत लांब खाडी असून ती दोनशे किलोमीटरांहून अधिक आत गेली आहे. तिच्या एका फाट्यावर उंद्रेदाल नावाचे खेडे आहे. वस्ती शंभराच्या आसपास आणि शेळ्या त्याच्या कित्येक पट. १९८८ साली रस्ता होईपर्यंत या खेड्यात होडीनेच जावे लागे. उभ्या कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत गायीला पुरेल इतके गवत पिकवणे अवघड. शेळी मात्र जेथे माणसाचा पाय ठरत नाही तेथे चढून चरते. अशा गावांत शेळी टिकली ती हौसेने नव्हे. तेथील जमिनीला तेच जनावर परवडत होते. याच देशाच्या उत्तरेस ट्रोम्स भागात हिवाळ्याचे सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि तेथेही दुभत्या शेळ्यांचे कळप आहेत.

तेथील दुभत्या शेळ्यांची जात स्थानिकच आहे. रंग पांढरा, राखाडी, काळा, तपकिरी असा नानाविध, अंगावर लांब केस, आणि दूध वर्षाकाठी सरासरीने सातशे किलोच्या आसपास. दुभत्या शेळ्या पाळणारी कुटुंबे पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी झाली असून आज ती काही शेकड्यांतच मोजावी लागतील.

गोठा : ऊब नव्हे, कोरडेपणा

थंड प्रदेशात शेळी पाळणारा नवखा माणूस एक चूक हटकून करतो. तो गोठ्याची प्रत्येक फट बुजवून टाकतो. आत शिरताच उबदार वाटते आणि तो समाधान पावतो. परंतु शेळ्यांच्या श्वासातून व मूत्रातून निघणारी वाफ बाहेर जाण्यास वाट उरत नाही. ती छताला लागून थंड होते व थेंबथेंब खाली गळते. केस ओले होतात, खालचे अंथरूण ओले होते, मूत्रातील अमोनिया वायू साचतो आणि पंधरा दिवसांत करडे खोकू लागतात. फुप्फुसदाहाने करडू दगावले की दोष थंडीला दिला जातो. वास्तविक दोष बंद गोठ्याचा असतो.

शेळीच्या कातडीखाली चरबीचा थर पातळ असतो, हे खरे आहे. तथापि शरद ऋतूत तिच्या अंगावर लांब केसांच्या तळाशी मऊ लोकरीचा दाट थर येतो आणि तो कोरडा असेपर्यंत उत्तम पांघरुणाचे काम करतो. कोरड्या जागी, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असलेली व पोटभर खाल्लेली मोठी शेळी शून्याखालील थंडी सहज सोसते. भिजलेली शेळी शून्याच्या वर चार-पाच अंशांतही कुडकुडते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळा फारसा कडक नसतो, पण तो ओला असतो. आज बर्फ, उद्या पाऊस, परवा पुन्हा गोठण. म्हणून तेथील पशुपालक थंडीपेक्षा ओलीला अधिक भितात. आपल्या कोकणातील व घाटमाथ्यावरील शेळीपालकाला ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. तेथे बर्फ पडत नाही, पण आषाढ-श्रावणात करडे मरतात ती याच कारणाने.

यास्तव गोठ्याची रचना करताना दोन गोष्टींचा भेद लक्षात ठेवावा लागतो. झोत वेगळा आणि हवा वेगळी. जेथे शेळ्या बसतात त्या उंचीवर भिंत पक्की हवी, तेथे फट नको. हवा आत येण्याची जागा भिंतीच्या वरच्या भागात व बाहेर जाण्याची जागा आढ्याशी हवी. परीक्षा साधी आहे. पहाटे गोठ्यात जाऊन, शेळीचे नाक ज्या उंचीवर असते तेथपर्यंत वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले किंवा नाकात झोंबले, तर हवा कोंडली आहे असे समजावे. उभ्या माणसाला हा वास पुष्कळदा येत नाही. गोठा पाहावयास आलेले लोक बहुधा उभ्यानेच परत जातात, हे येथे नमूद केलेले बरे.

जमीन कशी असावी याचा प्रश्न नॉर्वेत थोडा निराळा आहे. तेथील पश्चिम भागात धान्य फारसे होत नाही, त्यामुळे अंथरण्यास पेंढा मिळत नाही. म्हणून लोखंडी जाळीची जमीन करण्याची पद्धत रूढ झाली. लेंड्या व मूत्र खाली पडते आणि वर कोरडे राहते. परंतु लोखंड अंगातील ऊब ओढून घेते. तेथील कृषी विद्यापीठातील संशोधकांनी शेळ्यांपुढे निरनिराळ्या जमिनी ठेवून त्यांनाच निवड करू दिली. हवा सौम्य असताना शेळ्या लोखंडी जाळीवर खुशाल बसल्या. कडक थंडी सुरू होताच त्या लाकडी फळ्या व मऊ गादी अशा ऊब धरणाऱ्या जागांकडे वळल्या. शेळी कोठे बसते हे पाहिले, तर गोठ्यातील उणीव तीच दाखवून देते. भिंतीलगत लाकडी फळ्यांचे ओटे करणे हा त्यावरील स्वस्त उपाय होय. शेळ्यांना भिंतीला पाठ लावून बसणे आवडते, आणि दुबळ्या शेळीला दांडग्या शेळीपासून दूर सरण्यास जागा मिळते.

जेथे पेंढा किंवा लाकडाचा भुसा मिळतो, तेथे जाड थराची पद्धत सोयीची पडते. जुने अंथरूण न काढता त्यावर दर दोन-तीन दिवसांनी नवे पसरत जावयाचे. खालचा थर कुजताना उष्णता देतो व शेळ्यांना खालून ऊब मिळते. वसंत ऋतूत सगळा थर काढून शेतात घालतात. मात्र वरचा थर कोरडा आहे की नाही हे गुडघा टेकून पाहावे लागते. गुडघा ओला झाला तर अंथरूण कमी पडले.

वैरणीची तयारी उन्हाळ्यातच

ऑक्टोबरमध्ये शेळ्या गोठ्यात येतात त्या मे महिन्यापर्यंत तेथेच राहतात. एवढ्या काळाची वैरण उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत साठवावी लागते. थंड प्रदेशातील शेळीपालन हा खरोखर गवत साठवण्याचाच धंदा आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चाऱ्याचा थंडीशी संबंध निकटचा आहे. शेळीच्या मोठ्या पोटात तंतुमय वैरण आंबते तेव्हा उष्णता निर्माण होते. कडाक्याच्या रात्री शेळीला ऊब देणारी शेगडी तिच्या पोटातच असते आणि तिचे सरपण म्हणजे गवत. म्हणून थंडी वाढली की गव्हाणीत वाळलेले गवत वाढवावे, धान्य नव्हे. खुराक एकदम वाढविला तर पोटात आम्लता होऊन शेळी चरणे सोडते. संध्याकाळची वैरण भरपूर टाकावी, म्हणजे रात्रभर रवंथ चालू राहतो.

पूर्वी नॉर्वेतील शेतकरी गवताच्या जोडीला झाडपाला साठवीत असत. भूर्ज, अ‍ॅश, एल्म या झाडांच्या कोवळ्या फांद्या उन्हाळ्यात छाटून, त्यांच्या जुड्या बांधून सावलीत वाळवीत व हिवाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना घालीत. दर काही वर्षांनी छाटल्यामुळे खुरटे बुंधे व वर फुटव्यांचा झुबका अशी झालेली जुनी झाडे पश्चिम नॉर्वेत अजूनही दिसतात. आपल्याकडे बाभळ, बोर, सुबाभूळ यांचा पाला घालणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. शेळी मुळात पाला खाणारे जनावर आहे. गवत ती नाइलाजाने खाते.

आता बहुतेक ठिकाणी गवत प्लास्टिकमध्ये गुंडाळून मुरघास करतात, कारण त्या पावसाळी हवेत गवत वाळविणे दुष्कर असते. मुरघास उत्तम, पण त्यात एक धोका आहे. गुंडाळी फाटली, किंवा गवताबरोबर माती गेली, तर मुरघास नीट आंबत नाही आणि त्यात लिस्टेरिया नावाचे जंतू वाढतात. ते शेळीच्या मेंदूवर हल्ला करतात. एका बाजूचा कान लोंबतो, ओठ लुळा पडतो, शेळी एकाच दिशेने गोल फिरू लागते. पहिल्याच दिवशी पशुवैद्याने उपचार सुरू केला तर ती वाचू शकते. दोन दिवस वाट पाहिल्यास बहुधा हातची जाते. बुरशी आलेला व मातकट मुरघास शेळ्यांना घालू नये.

पाण्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे, पण ते महत्त्वाचे आहे. बर्फासारखे थंड पाणी शेळी कमी पिते. पाणी कमी गेले की वैरण कमी जाते, आणि दूध तर लगेच घटते. तिला दिवसातून दोनदा कोमट पाणी पाजले तर ती आवडीने पिते.

विण्याचा काळ

शेळी दिवस लहान होऊ लागले की माजावर येते. नॉर्वेत हा काळ शरद ऋतूचा. गाभणपण सुमारे १५० दिवसांचे, म्हणून बहुतेक शेळ्या जानेवारी ते एप्रिल या दरम्यान, म्हणजे ऐन बर्फात वितात. मे महिन्यात कुरण हिरवे होईल तेव्हा कासेत भरपूर दूध असावे, असा यातील हिशेब आहे.

गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात करडांची बहुतेक वाढ होते. पोटात दोन किंवा तीन करडे असली तर ती मोठ्या पोटाची जागा अडवितात. शेळीला गरज वाढते आणि वैरण मात्र कमी मावते. ती अंगातील चरबी जाळू लागते, सुस्त होते, खाणे टाकते, श्वासाला गोडसर वास येतो. हा रोग लठ्ठ शेळीला व हडकुळ्या शेळीला सारखाच होतो. म्हणून या दिवसांत उत्तम प्रतीचे गवत राखून ठेवलेले असावे आणि खुराक थोडाथोडा वाढवीत न्यावा.

जन्मलेले करडू तीन किलोच्या आसपास भरते. ते ओले असते, आणि शून्याखालील हवेत ओले करडू अर्ध्या तासात गारठू शकते. त्यास कोरड्या फडक्याने चोळून पुसणे, नाळेला आयोडीन लावणे व चीक पाजणे ही तीन कामे लगेच करावी लागतात. पहिल्या वेळी करडाच्या दर किलो वजनामागे सुमारे ५० मिलिलिटर चीक पोटात जावा. करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले व करडू चोखत नसले, तर त्याला बळेच दूध पाजू नये. गारठलेल्या करडाचे पोट दूध पचवीत नाही, आणि ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. आधी कोमट पाण्यात मानेपर्यंत धरून किंवा गरम खोलीत ठेवून त्याला ऊब द्यावी, पूर्ण पुसावे, मग चीक पाजावा. उबेसाठी विजेचा दिवा टांगण्याची प्रथा सर्वत्र आहे. परंतु सैल टांगलेला दिवा गवतात पडून गोठेच्या गोठे जळाले आहेत. दिवा साखळीने पक्का बांधावा, आणि शक्य असेल तेथे त्याऐवजी पेंढा घातलेली लाकडी पेटी करून त्यात करडे एकमेकांना बिलगून बसू द्यावीत.

कळप नव्याने उभारताना

एवढी सर्व काळजी घेऊनही नॉर्वेतील शेळ्यांचे दूध मनासारखे वाढत नव्हते. याचे कारण गोठ्याच्या बाहेर नव्हते, आत होते. महिनोन्‌महिने एकाच गोठ्यात दाटीने राहणाऱ्या कळपांत तीन रोग मुरले होते. पहिला सी. ए. ई. या नावाने ओळखला जाणारा विषाणूचा रोग. त्यात शेळीचे गुडघे सुजतात, ती लंगडते, कास दगडासारखी होते व दूध आटते. दुसरा जोन्स रोग. त्यात शेळी खात असूनही खंगत जाते. तिसरा पू धरणाऱ्या गाठींचा रोग. तिन्ही रोग सावकाश येतात. विषाणूच्या रोगाला उपचार नाही व लसही नाही. जोन्स रोगासाठी तेथे १९६७ पासून करडांना लस टोचली जात असे. तीमुळे हानी पुष्कळ कमी झाली, पण रोग निर्मूळ झाला नाही.

विषाणूचा रोग मुख्यतः मातेच्या चिकातून व दुधातून करडाकडे जातो. ज्या चिकावर करडाचे प्राण अवलंबून, त्याच चिकातून रोग येतो. आजारी शेळ्या निवडून काढाव्यात तर बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या कित्येक शेळ्या रोग बाळगून असत.

२००१ साली तेथील शेळी आरोग्य सेवेने निरोगी कळप उभारण्याची देशव्यापी मोहीम हाती घेतली. तिची पद्धत कठोर होती. शेळी विताना माणूस रात्रंदिवस जवळ उभा राही. करडू जमिनीला टेकण्यापूर्वीच, आईने चाटण्यापूर्वीच, स्वच्छ कापडात झेलून ते दुसऱ्या स्वच्छ इमारतीत नेले जाई. त्याला आईच्या चिकाऐवजी गायीचा चीक पाजीत व पुढे दुधाच्या भुकटीवर वाढवीत. जुन्या गोठ्यात काम करणाऱ्याने नव्या इमारतीत जाताना कपडे व पादत्राणे बदलावयाची. जुना कळप हंगाम संपेपर्यंत दूध देई आणि मग संपूर्ण कळप कत्तलखान्यात जाई. त्यानंतर गोठा खरवडून, धुऊन, जंतुनाशकाने स्वच्छ करावयाचा आणि मगच त्यात नव्या पाठी आणावयाच्या.

कागदावर ही चार वाक्ये होतात. ज्या घराने आजोबांच्या काळापासून एकच वंश जोपासला, जेथे प्रत्येक शेळीला नाव आहे, त्या घराला हे करणे काय पडले असेल, ते जनावरे पाळणाऱ्यास सांगावयास नको. शिवाय नव्या पाठी पहिल्यांदा विईपर्यंत दूध नाही, आणि दूध नाही म्हणजे उत्पन्न नाही. सरकार व दूध उत्पादकांची सहकारी संस्था यांनी खर्चाचा काही भार उचलला, तरी उरलेला घरालाच सोसावा लागला. विण्याच्या हंगामात आठवडेच्या आठवडे रात्री जागून काढाव्या लागत. आणि एखाद्या रात्री डोळा लागला, करडू आईजवळ पडले व तिने ते चाटले, तर नियमाप्रमाणे ते निरोगी कळपात घेता येत नसे.

ही मोहीम सुमारे चौदा वर्षे चालली. ज्या कळपांनी ती पुरी केली त्यांचे दूध वाढले, कासदाहाचे प्रमाण खाली आले आणि शेळ्या अधिक वर्षे टिकू लागल्या. धंदा पुढे चालवावयाचा नाही असे ज्यांनी ठरविले, त्यांनी या वेळी तो बंद केला. कळपांची संख्या घटण्यास हेही एक कारण झाले, हे लपविण्यात अर्थ नाही.

हीच पद्धत सर्वत्र जशीच्या तशी लागू पडेल असे नाही. केवळ विषाणूच्या रोगाचाच प्रश्न असेल तेथे चीक ५६ अंश सेंटिग्रेडवर एक तास ठेवून पाजतात. त्यापेक्षा अधिक तापविल्यास चीक घट्ट होऊन वाया जातो. जोन्स रोगाच्या जंतूंचा मात्र एवढ्या उष्णतेने भरवसा देता येत नाही. हा रोग भारतातील शेळ्यांतही आढळतो, आणि मथुरा जिल्ह्यातील मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने त्यावर देशी लस तयार केली आहे. खाणे चांगले असूनही शेळी महिनोन्‌महिने वाळत चालली असेल, तर जंतनाशक पुन्हापुन्हा पाजीत बसण्याऐवजी ग्रामसेवकाने पशुवैद्याकडून या रोगाची तपासणी करवून घ्यावी.

दूध, चव व तपकिरी चीज

रोग गेले तरी दुधाची एक तक्रार उरली होती. तेथील पुष्कळ शेळ्यांत असा एक आनुवंशिक दोष होता की दुधातील केसीन नावाच्या प्रथिनाचा एक प्रकार जवळजवळ तयारच होत नसे. असे दूध रेनेटने नीट घट्ट होत नाही आणि त्याला खवट, तिखटसर चव येते. रक्ताची तपासणी करून निर्दोष बोकड निवडल्यामुळे व फ्रान्समधून अल्पाइन जातीचे रेत आणल्यामुळे हा दोष झपाट्याने कमी होत गेला.

चीज काढल्यावर उरणारी निवळी तेथे फेकून देत नाहीत. ती मोठ्या कढईत तासन्‌तास आटवितात. पाणी उडून जाते, दुधातील साखर तपकिरी होते, आणि गुळाच्या काहिलीप्रमाणे ढवळत राहिल्यावर जो गोळा तयार होतो त्यास तपकिरी चीज म्हणतात. आपल्या खव्याच्या रंगापेक्षा गडद, चवीला गोड व किंचित खारट. १८६३ साली गुडब्रान्ड्सदाल खोऱ्यातील आन्ने होव या स्त्रीने निवळीत साय घालून हे चीज अधिक मऊ व चवदार केले. धान्याचे भाव पडले असताना या चीजामुळे त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना आधार मिळाला, आणि १९३३ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, राजाने तिला पदक देऊन गौरविले. या चीजात स्निग्धांश व साखर किती असते याची साक्ष २०१३ सालच्या जानेवारीत निराळ्याच रीतीने मिळाली. उत्तरेकडील एका बोगद्यात तपकिरी चीजाने भरलेली मालमोटार पेटली. आत सुमारे २७ टन माल होता आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली.

एका बाबतीत मात्र आपला शेळीपालक नॉर्वेच्या शेळीपालकापेक्षा सुदैवी आहे. आपल्याकडे बोकड म्हणजे रोख पैसा. बकरी ईद, जत्रा किंवा मुलीचे लग्न यांवर नजर ठेवून तो वाढविला जातो. नॉर्वेत शेळीचे मांस खाण्याची प्रथा मागे पडल्यामुळे दुभत्या कळपातील नर करडांना गिऱ्हाईक नसते, आणि दूध पाजून ती वाढविण्याचा खर्च निघत नाही म्हणून पुष्कळ नर करडे जन्मताच नाहीशी केली जात. अलीकडे काही कुटुंबांनी ती उन्हाळ्यात डोंगरावरील कुरणात चारून शरद ऋतूत मांसासाठी विकण्यास प्रारंभ केला आहे.